वायूची विहीर कां मंदावते?

नैसर्गिक वायूची विहीर मंदावली, म्हणजे भूगर्भांतील सांठा संपला, असें वाटणें साहजिक आहे. पण पुष्कळदां वायु शिल्लक असतो. त्याची वाट मात्र पाण्यानें अडविलेली असते.

वायूबरोबर पाण्याचे व हलक्या तेलाचे थेंबहि वर येतात. भूगर्भांतील दाब उतरून प्रवाहाचा वेग कमी झाला, कीं तेच थेंब माघारी फिरून तळाशीं सांचतात. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ सुमारें एका वातावरणाइतका दाब देतो. मग शंभर मीटर पाण्याखालीं वायूची किती कोंडी होत असेल, हें सांगावयास नको.

थेंब वर नेण्यास किमान किती वेग हवा, याचें गणित टर्नर, हबर्ड व डकलर यांनीं १९६९ सालीं अमेरिकेंत मांडलें. विहिरीचा प्रवाह त्याहून कमी भरला, किंवा उत्पादन एकसारखें न घटतां हिसके देत घटूं लागलें, तर पाण्याचा संशय घ्यावा.

संशयाची खात्री दोन रीतींनीं होते. विहिरीच्या तोंडाशीं ध्वनीचा ठोका देऊन प्रतिध्वनि परतण्यास लागणारा वेळ मोजतात. त्यावरून पाण्याची पातळी कळते. किंवा दाबमापक यंत्र खालीं सोडतात. वायूंत दाब हळूहळू वाढतो, पाणी लागतांच झपाट्यानें. हा बदल जेथें होतो, तेथून तळापर्यंतची उंची म्हणजेच पाण्याचें माप.

निदान बरोबर ठरलें, तर अरुंद नळी बसवून वेग वाढवितां येतो, अथवा फेस आणणारें द्रव्य सोडून पाणी हलकें करतां येतें. निदान चुकलें, तर जिवंत विहीर मृत समजून बुजविली जाते.