डबा तपासायचा की कारखाना?

बाळाचे अन्न आणि कायदा : लेखांक ४

तान्ह्या बाळाला पहिले काही महिने एकच अन्न असते. मोठ्यांच्या जेवणात भाजीत काही कमी पडले तर ते आमटीत भरून निघते. आईचे दूध न मिळणाऱ्या बाळासमोर दुसरी वाटीच नसते. म्हणून बाळाच्या दूध पावडरीवर सरकारची नजर इतर खाद्यपदार्थांपेक्षा कडक हवी, याबद्दल कोणाचे दुमत नाही. वाद आहे तो नजर कुठे ठेवायची याचा. तयार डब्यातले घटक मोजले की जबाबदारी संपली, असे मानणे सोपे असते. पण डबा तपासून सापडतो तो फक्त आधीपासून ठाऊक असलेला धोका, आणि गेल्या पन्नास वर्षांतले मोठे अनर्थ यादीबाहेरच्या वाटेने आले आहेत.

अमेरिकेत १९७८ साली सिंटेक्स कंपनीने सोयाबीनपासून केलेल्या आपल्या बाळदुधात मीठ घालणे थांबवले. हेतू वाईट नव्हता. बाळांना जादा मीठ नको, असाच तेव्हाचा विचार होता. पण मिठाबरोबर क्लोराइडही गेले. पुढच्या वर्षी ठिकठिकाणच्या डॉक्टरांकडे भूक मेलेली, वजन न वाढणारी, रक्तातला आम्ल-अल्क समतोल बिघडलेली बाळे येऊ लागली. त्यातून १९८०चा शिशुआहार कायदा झाला. कोणती पोषकद्रव्ये किती असावीत याची यादी त्यात आली, तपासणी सक्तीची झाली. कायदा चांगलाच होता. मात्र क्लोराइडचे महत्त्व सक्तीच्या यादीत उतरायला आधी बाळे आजारी पडावी लागली.

चीनमध्ये २००८ साली जे घडले ते याहून भयंकर, कारण तिथे तपासणीलाच फसवले गेले. दुधातली प्रथिने मोजण्याची जुनी, स्वस्त जेल्डाल पद्धत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब करते. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दुधात पाणी घालायचे आणि तूट दिसू नये म्हणून मेलामाइन मिसळायचे, अशी शक्कल निघाली. प्लास्टिक उद्योगातल्या या रसायनाच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. प्रयोगशाळेत आकडा बरोबर येई आणि बाळांच्या मूत्रपिंडात खडे होत. सुमारे तीन लाख मुले बाधित झाली, सहा दगावली. शिजियाझुआंगच्या सानलू कंपनीला सरकारी तपासणीतून सूट होती, ही त्यातली सर्वांत संतापजनक गोष्ट. कंपनीला ऑगस्टच्या सुरुवातीला भेसळ कळली होती. लोकांना कळायला सप्टेंबरचा मध्य उजाडला. मग देशभर तपासणी झाली, तेव्हा १०९ पैकी २२ उत्पादकांच्या मालात मेलामाइन निघाले. एका कंपनीची बदमाशी म्हणून हे सोडून देता येत नाही.

मग मेलामाइनही यादीत घाला, चाचण्या सुधारा, असे कोणी म्हणेल. ते झालेही, २०१० साली कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने पावडरीत किलोमागे एक मिलिग्रॅमची मर्यादा घातली. पण यादी कितीही लांबवली तरी क्रोनोबॅक्टरसारखा जिवाणू तिच्यात मावत नाही. पावडर निर्जंतुक नसते. हा जिवाणू कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि सबंध मालात सारखा पसरलेला नसतो. नियमाप्रमाणे एका खेपेतून दहा-दहा ग्रॅमचे तीस नमुने घेतात. टनावारी मालातले ते तीनशे ग्रॅम! त्यात जिवाणू न सापडणे म्हणजे मालात तो नसणे नव्हे. त्याला अडवायचे तर कारखान्यातली ओल, यंत्रांच्या फटी आणि कामगारांचे बूट पाहावे लागतात.

यावर खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे : कारखान्यावर इतका कडक पहारा ठेवला तर लहान उत्पादक टिकत नाहीत, उरतात चार मोठे, आणि त्यांतला एक बंद पडला की बाळांची उपासमार होते. २०२२ साली मिशिगनमधल्या स्टर्जिस इथला अॅबट कंपनीचा बाळदुधाचा कारखाना क्रोनोबॅक्टरच्या संशयावरून बंद झाला, तेव्हा अमेरिकेने लष्करी विमानाने परदेशातून पावडर आणली. टंचाई खरीच होती. पण बाजार मूठभर कंपन्यांच्या हाती जाण्यामागे केवळ सुरक्षानियम नव्हते; गरीब कुटुंबांसाठीच्या सरकारी योजनेत प्रत्येक राज्य एकाच कंपनीशी करार करते, त्याचाही त्यात मोठा वाटा आहे. शिवाय कारखान्यातल्या त्रुटींची लेखी तक्रार सरकारी यंत्रणेकडे ऑक्टोबर २०२१मध्येच गेली होती. माल परत बोलावला गेला फेब्रुवारीत. आजारी बाळांकडून मिळालेल्या जिवाणूंचा कारखान्यातल्या जिवाणूंशी जनुकीय मेळ बसला नाही, हेही नोंदवायला हवे. तरी निरीक्षकांना कारखान्यात क्रोनोबॅक्टर सापडला होताच. वेळेवर केलेली लहान दुरुस्ती महिनोन्‌महिन्यांच्या टाळेबंदीपेक्षा स्वस्त पडली असती.

आपल्याकडे पावडरीच्या डब्यावर मानक संस्थेची खूण सक्तीची केली गेली आणि चिनी दुग्धपदार्थांवर २००८मध्ये घातलेली आयातबंदी पुढे वारंवार वाढवली गेली. दोन्ही उपाय डब्याचेच. धोका मात्र त्याआधीच, दूध गोळा होते तिथे सुरू होतो. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घनपदार्थ) धरून ठरतो, आणि आकडा फुगवायला युरिया घालण्याची भेसळ ऐकिवात नाही असा दुग्धव्यावसायिक विरळा. आकड्यावर पैसे मिळतात तिथे आकडा बनवण्याचा मोह असतोच. तेव्हा पावडरीची तपासणी संकलन केंद्रापासून सुरू व्हावी. बाळाच्या दूध पावडरीविषयीच्या आपल्या १९९२च्या कायद्याचा मुख्य भर मात्र जाहिरात आणि विक्रीवर आहे. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.