दोन ऋतूंची विजेती

एका पेठेत मिळवलेली पत दुसऱ्या पेठेत आपोआप चालत नाही. तेथे ती नव्याने उभारावी लागते. कॅनडाच्या क्लारा ह्यूज यांनी क्रीडाक्षेत्रात हे आव्हान स्वेच्छेने स्वीकारले.

१९७२ साली विनिपेग शहरात जन्मलेल्या क्लारा किशोरवयात मद्यपान व धूम्रपानाच्या आहारी गेल्या होत्या. १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये गाएतान बूशे यांना बर्फावर स्केटिंग करताना त्यांनी दूरदर्शन संचावर पाहिले आणि जीवनाला दिशा मिळाली. मात्र आरंभी नाव झाले ते सायकलिंगमध्ये. १९९६ च्या ॲटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन कांस्यपदके जिंकली.

जगाला दिसले ते यश. घरी परतल्यावर मात्र नैराश्याने त्यांना ग्रासले. पदके गळ्यात असूनही मन रिते होते. त्यातून सावरण्यास बराच काळ लागला.

२००० च्या सिडनी ऑलिंपिकनंतर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्या पुन्हा स्पीड स्केटिंगकडे वळल्या. दोन्ही खेळांत कमरेत वाकून, मांड्यांच्या बळावर वारा कापावा लागतो. परंतु बर्फावरील तोल आणि वळणांचे तंत्र नवशिक्याप्रमाणे घोटावे लागले. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे ५००० मीटर शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. २००६ मध्ये तुरीन येथे त्याच शर्यतीत सुवर्ण व सांघिक स्पर्धेत रौप्य त्यांच्या हाती आले. त्या विजयानंतर वंचित मुलांना खेळाची संधी देणाऱ्या ‘राइट टू प्ले’ संस्थेस त्यांनी स्वतःच्या खिशातून १०,००० डॉलर दिले आणि देशवासीयांनाही देणगीचे आवाहन केले.

२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा ध्वज त्यांच्या हाती होता. तेथे आणखी एक कांस्यपदक मिळाले. उन्हाळी व हिवाळी अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये एकाहून अधिक पदके जिंकणाऱ्या त्या पहिल्या खेळाडू ठरल्या. २०१२ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, लंडन येथे त्या पुन्हा सायकलवर दिसल्या आणि वैयक्तिक कालबद्ध शर्यतीत पाचव्या आल्या.

पुढे त्यांनी आपल्या नैराश्याची कथा लोकांसमोर मांडली. २०१४ मध्ये मानसिक आरोग्याविषयीचा संकोच दूर व्हावा म्हणून त्यांनी ११० दिवसांत सुमारे ११,००० किलोमीटर सायकलप्रवास करून कॅनडा पालथा घातला.

कर्तबगार माणसाचे दुःख घरातही बहुधा ओळखू येत नाही. क्लारांची सहा पदके अभिमानास्पद आहेतच. पण पदक मिळाल्यावरही मन आजारी असू शकते, हे उघडपणे सांगण्यास लागलेले धैर्य त्याहून मोलाचे आहे.