बोळक्यातले वीस दात

तीन महिन्यांचं बाळ खुदकन हसलं की घरातले सगळे त्या बोळक्याकडे बघत राहतात. दिसतात नुसत्या गुलाबी हिरड्या. पण त्या हिरड्यांच्या आत, जबड्याच्या हाडात, दुधाचे वीसच्या वीस दात कमीअधिक घडलेले असतात. मधल्या पटाशीच्या दातांवरचं एनॅमल तर चढूनही झालेलं असतं. पहिला दात दिसायला अजून तीन-चार महिने लागतील. कामाचा श्रीगणेशा मात्र आईच्या पोटातच झाला होता. गर्भ सहा आठवड्यांचा असताना दातांच्या जागा ठरतात आणि चौथ्या महिन्यात त्यांच्यावर खनिज चढू लागतं.

एनॅमल म्हणजे आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने जवळजवळ 96 टक्के खनिज. ते घडवणाऱ्या पेशी आतून बाहेरच्या दिशेने सरकत रोज काही मायक्रॉनचा थर टाकतात आणि दात बाहेर पडेपर्यंत स्वतः संपून जातात. मोडलेलं हाड सांधतं, फाटलेली कातडी भरून येते. खड्डा पडलेलं एनॅमल पुन्हा तयार करायला मात्र शरीरात कोणी उरलेलंच नसतं. त्यातून दुधाच्या दातांवर ते कायमच्या दातांच्या निम्म्याच जाडीचं असतं.

या रोजच्या थरांमध्ये एक रेघ वेगळी असते. दुधाच्या दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की केसाहून कितीतरी बारीक अशी एक गडद ओळ दिसते. ती बाळाच्या जन्माची खूण! नाळेतून मिळणारं पोषण थांबलं, बाळ हवेत आलं, स्वतः दूध ओढू लागलं. त्या उलथापालथीत थर टाकण्याची लय चुकली आणि ती चूक दातात कायमची कोरली गेली. रेघेच्या आतलं एनॅमल पोटातलं, बाहेरचं जन्मानंतरचं. 2013 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी दातातल्या बेरियमच्या प्रमाणावरून मूल अंगावर किती दिवस प्यायलं हे वाचून दाखवलं, आणि तीच रीत एका निअँडरथल मुलाच्या दातालाही लावली. बाळाला वरचं अन्न केव्हा सुरू केलं हे आपण विसरू, दात विसरत नाही.

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात 1958 पासून मुलांचे पडलेले दात गोळा करण्याची मोहीम चालली होती. दात पाठवणाऱ्या मुलाला बिल्ला मिळायचा. लाखो दात जमले. अणुचाचण्यांतून उडालेलं स्ट्रॉन्शियम-90 गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या दातांत उतरलंय, हे त्यांवरून दिसलं. 1963 साली हवेतल्या अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला, त्यामागच्या जनमतात या इवल्याशा दातांचाही वाटा होता.

इतक्या कारागिरीने घडलेली वस्तू आपल्याकडे एका वाक्यात निकालात निघते: ‘पडणारच आहेत ना दुधाचे दात!’ मला हे वाक्य पटत नाही. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत कामाला असतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी त्या खालून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात. दाढ किडून वेळेआधी काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत कलंडतात आणि नवा दात वाट मिळेल तिथून वाकडा निघतो.

कीड लागते कशी तेही पाहण्यासारखं आहे. 1924 साली जे. किलियन क्लार्क या संशोधकाने किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जीवाणू वेगळा काढला. तो साखर खातो आणि आम्ल सोडतो. बाळाच्या तोंडात तो बहुतेक वेळा घरच्यांच्या लाळेतूनच येतो: घास आपल्या तोंडाने निववून भरवणं, एकच चमचा चाटणं. तेव्हा बाळाच्या दातांची काळजी आईच्या स्वतःच्या किडक्या दाढेपासून सुरू होते.

झोपेत लाळ आटते. अशा वेळी गोड दुधाची बाटली तोंडात राहिली की दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचतं. खालचे दात जिभेच्या आडोशाला आणि लाळेच्या ओघात असल्यामुळे बहुधा वाचतात. म्हणून पहिली खूण वर शोधायची. बाळाचा वरचा ओठ बोटाने हलकेच उचला. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज पट्टी दिसली, तर तिथलं खनिज झिजू लागलंय. खड्डा पडण्याआधी हे नुकसान भरून निघू शकतं, कारण लाळेतलं कॅल्शियम आणि पेस्टमधलं फ्लोराइड तिथे पुन्हा बसतं. पट्टी तपकिरी होऊन खड्डा पडला, की ती संधी गेली.

करायचं फार नाही. दात येण्याआधी ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसाव्यात. पहिला दात दिसला की लहान ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे आधी डॉक्टरांना विचारावं. चोखणी मधात बुडवून देणं तर बंदच करा. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. आणि सणसणून ताप आला तर ‘दात येतायत’ म्हणून थांबू नका. दातांमुळे लाळ गळते, चिडचिड होते. जोराचा ताप दुसऱ्याच कशाचा तरी असतो.

पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्याची एक भेट व्हावी असं बालदंततज्ज्ञ सांगतात. खुर्चीचीही गरज नसते. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, बाळाचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. आजीच्या पायांवर न्हालेलं बाळ दोन मिनिटं रडतं, तेवढंच.

सगळ्यात जास्त फसवते ती सहाव्या वर्षाची दाढ. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागून ती गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आईवडिलांना ती दुधाचीच वाटते आणि दुर्लक्षात किडते. घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर आज रात्री टॉर्च घेऊन त्याच्या दाढा मोजा. वर-खाली, डावी-उजवीकडे दोनदोन असतात. कुठे तिसरी दिसली तर ती कायमची आहे.