द्राक्षावरचं मेण आणि शरदातला उजेड

काळ्या द्राक्षांवर पांढुरका थर दिसला की बहुतेक घरांत तो आधी चोळचोळून काढला जातो. ‘औषधाची पावडर’ हे त्याचं रूढ नाव. द्राक्षांचा फोटो काढणारेही पुष्कळदा तेच करतात. मणी पुसायचे, वर पाण्याचा फवारा मारायचा आणि चकचकीत घड कॅमेऱ्यासमोर धरायचा. माझं म्हणणं असं आहे की पिकलेल्या द्राक्षाच्या फोटोत सगळ्यांत मोलाचं जे असतं, तेच या पुसण्यात जातं. तो पांढुरका थर बहुतांशी द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं. ते शाबूत ठेवून टिपलेला घडच पिकलेला वाटतो. पुसलेला घड काचेच्या गोट्यांसारखा दिसतो.

हे मेण म्हणजे सालीवर दाटलेले अतिसूक्ष्म पापुद्रे. त्यात मोठा वाटा ओलिअॅनॉलिक आम्लाचा असतो. मण्यातलं पाणी उडू द्यायचं नाही आणि बाहेरचं पाणी सालीवर मुरू द्यायचं नाही, हे त्याचं काम. ते किती चोख चालतं हे तासगावकडच्या बेदाणा उत्पादकांना विचारावं. द्राक्षं तशीच जाळीवर पसरली तर सुकायला फार वेळ घेतात, म्हणून आधी ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात. मेणाचा थर विस्कटतो, पाण्याला वाट मिळते आणि मग बेदाणा लवकर तयार होतो. आता हाच थर उजेडाच्या बाजूनं पाहू. पुसलेली गुळगुळीत साल आरशासारखी वागते. सूर्याचा एक पांढराफेक ठिपका ती परत फेकते आणि उरलेला मणी काळाच ठेवते. मेणाचे पापुद्रे तोच उजेड चहूकडे विखुरतात, त्यामुळे मण्याची गोलाई उजेडाकडून सावलीकडे हळूहळू वळताना दिसते. त्यात निळा उजेड थोडा जास्त विखुरला जातो. जांभळ्या-काळ्या सालीवर दिसणारी निळसर झाक तिथूनच येते. एकच मणी जवळून पाहिला तर हा थर सरसकट नसतो. शेजारचा मणी जिथे टेकला होता तिथे गोल काळा डाग उमटलेला असतो, पानाची कड घासली असेल तिथे बारीक रेघ, आणि कुणाचा अंगठा लागला असेल तर त्याचा स्पष्ट ठसा. तो ठसा पुन्हा बुजत नाही.

बागेत फवारणी होतेच, मग थर नुसता मेणाचाच आहे हे कशावरून, ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर डोळ्यांनीच मिळतं. मेण पातळ आणि एकसारखं असतं, थंड आरशावर श्वास सोडल्यासारखं. फवाऱ्याचा थेंब ओघळून मण्याच्या तळाशी वाळतो, तिथे कड असलेला ठिपका किंवा कडं उरतं. भुरी रोगाची बुरशी राखाडी, ठिगळाठिगळांची असते; खालची साल तपकिरी, जाळीदार होते. बोर्डो मिश्रण मारलं असेल तर मोरचुदाची निळसर छटा पानांवर ओळखू येते. खाण्यापूर्वी द्राक्षं धुवावीत यात वाद नाही. पण फोटोसाठी ती पुसली की मेण, फवाऱ्याचा डाग आणि भुरी यांतला फरकच चित्रातून निघून जातो. नीट काढलेला फोटो हा फरक शेतकऱ्यालाही दाखवू शकतो आणि ग्राहकालाही.

हे मेण सर्वांत चांगलं कुठे टिपता येतं? माझ्या मते युरोपातल्या शरदात, आणि त्यातही जर्मनीच्या मोझेल नदीच्या खोऱ्यात. आपल्या नाशिककडे ऑक्टोबरात गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, धांदल असते आणि माल निघतो साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. मोझेलकाठी नेमक्या त्याच ऑक्टोबरात रिसलिंग जातीची द्राक्षं पिकून वेलीवर असतात. शाळेच्या पाटीचा दगड जिथे विखुरला आहे अशा उभ्या उतारांवर ती वाढतात. ब्रेमजवळच्या काल्मोंट टेकडीची चढण तर काही ठिकाणी साठ अंशांच्या पुढे जाते. हे खोरं सुमारे 50 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 28 अंश वर येतो. त्याच दिवशी नाशिकला तो 58 अंशांच्या आसपास असतो. फरक साधा दिसला तरी फोटोत तो सगळं ठरवतो. आपल्याकडे मांडवाखाली किंवा वाय सांगाड्याच्या पानांखाली घड लटकतात आणि वरून येणारा उजेड पानांतून गाळून हिरवा होऊन पोहोचतो. मोझेलच्या जुन्या पद्धतीत एकेक वेल एकेका खांबाला बांधलेली असते. उतारावर तिरपा येणारा उजेड तिथे थेट घडाच्या बगलेत शिरतो.

रिसलिंगच्या मण्यात उजेड मागून सोडला की पक्वता अक्षरशः आतून दिसते. पाणी उतरण्याआधी, म्हणजे पिकू लागण्याआधी, मणी कडक, हिरवा आणि अपारदर्शक असतो. पुढे हरितद्रव्य ओसरतं, गर मऊ होतो, आणि सूर्य पाठीशी असेल तर आतल्या बियांच्या सावल्या दिसू लागतात. उन्हाकडच्या बाजूला साल पिवळी-सोनेरी होते आणि तिच्यावर बारीक तपकिरी ठिपके येतात. ते डाग समजून फोटोतून काढून टाकले जातात, पण रिसलिंगच्या पिकलेपणाची ती खूण आहे. काळ्या जातीत रंग सालीत असतो, उजेड आरपार जात नाही, म्हणून तिथे बाजूचा उजेड आणि मेण यांवरच भिस्त ठेवावी लागते. काळ्या घडाची एक अडचण अशी की कॅमेरा त्याला मध्यम राखाडी समजून फोटो उजळ करतो आणि मेणाचे बारकावे भाजून निघतात. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली आणावं; मोबाइलवर मेण दिसतं त्या जागी बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढावी. ऑटो व्हाइट बॅलन्स संध्याकाळचा सोनेरीपणा धुऊन टाकतो, तो बंद करावा. घड खोल असतो, म्हणून अॅपर्चर एफ/8 ते एफ/11 ठेवावं. सावलीतल्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला तर पानांचा हिरवट रंगही कमी होतो.

फोटोग्राफर म्हणतील, पाण्याच्या थेंबांत वाईट काय? शरदात पहाटे दव पडतंच. खरं आहे, आणि खरं दव जरूर टिपावं. मेण पाण्याला चिकटू देत नाही, त्यामुळे दवाचे थेंब बारीक, गोल आणि सुटे बसतात. पुसलेल्या सालीवर फवारा मारला की पाणी पसरतं आणि ओघळतं. बागायतदाराच्या नजरेला हा फरक लगेच कळतो. शिवाय पिकलेल्या घडावर साचलेलं पाणी ही ताजेपणाची नव्हे, धोक्याची खूण आहे. मणी तडकतात, कूज शिरते. अवकाळी पावसानंतर नाशिकच्या बागांत काय होतं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फोटोचं काम मोहवणं, पंचनामा करणं नव्हे. पण कॅराव्हाजिओनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेली फळांची टोपली पाहावी. मिलानच्या आंब्रोझियाना संग्रहात ती आहे. सफरचंदाला कीड लागलेली, पानं सुकून गुंडाळलेली, आणि द्राक्षांवर तो धूसर थर. चारशेहून अधिक वर्षं लोक त्या चित्रासमोर थबकत आले आहेत. खरेपणानं मोह कमी झालेला नाही. संगणकावर नंतर सगळं करता येतं, असंही सांगितलं जातं. रंग बदलता येईल, पण भाजून निघालेला किंवा पुसून गेलेला पोत फाइलमध्ये नसतोच. तिथे मेण दाखवायचं तर ते कल्पनेनंच रंगवावं लागेल.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पिकलेला घड नेहमीच सुंदर दिसत नाही. मोझेलमध्ये काही घड मुद्दाम उशिरापर्यंत ठेवतात. धुक्याची पहाट आणि कोरडी दुपार जुळून आली की बोट्रायटिस बुरशी साल भेदते, पाणी उडतं, साखर दाटते आणि अशा सुरकुतलेल्या, राखाडी मण्यांपासून तिथली सर्वांत गोड आणि महाग वाइन होते. एकाच घडावर सोनेरी मणी, जांभळट-तपकिरी मणी आणि बुरशीनं माखलेले मणी शेजारी शेजारी असतात. असा घड पुसायचं कुणाच्या मनातही येत नाही, कारण त्याची किंमत माहीत असते. साध्या पिकलेल्या घडालाही ही वागणूक मिळायला हवी. नाशिकच्या निर्यातीच्या बागांत तोडणी करणाऱ्या बाया-माणसांना ती चांगली अवगत आहे: एका हातात कात्री, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत देठ, आणि क्रेटमध्ये ठेवेपर्यंत मण्याला बोट लागत नाही. कॅमेरा घेऊन बागेत जाणाऱ्यानं घड फिरवायचाच असेल तर देठाला धरून फिरवावा.