वडिलांच्या नावावरचे घर विकताना: कर कोणाला, कशावर आणि किती?

वडील गेले, घर रिकामे झाले, भावंडे आपापल्या शहरांत स्थिरावली आणि अखेर फ्लॅट विकायचे ठरले. व्यवहार ठरेपर्यंत कराचा विचार कोणी करत नाही. मग नोंदणीच्या आठवड्यात एकदम प्रश्न पडतात. त्यातले नेहमीचे प्रश्न एका उदाहरणावरून समजून घेऊ.

समजा, वडिलांनी १९८८ मध्ये ठाण्यात १ लाख ८० हजारांना फ्लॅट घेतला. २०१२ मध्ये ते मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, मुलगा आणि मुलगी. तिघांनी आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये तो फ्लॅट ९० लाखांना विकला.

घर वारशाने मिळाले, तेव्हाच कर भरायला हवा होता का?

नाही. भारतात मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा इस्टेट ड्युटी हा कर १९८५ मध्येच रद्द झाला. वारशाने घर मिळणे हे उत्पन्न नव्हे. कर लागतो तो ते घर विकल्यावर, भांडवली नफ्यावर.

कर कोणी भरायचा?

ज्यांचा हिस्सा, त्यांनी. सोसायटीत नॉमिनी म्हणून एकट्या मुलाचे नाव असले, तरी तेवढ्याने तो मालक होत नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार इथे आई, मुलगा आणि मुलगी यांचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा आहे. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३० लाख आले आणि विवरणपत्रातही तिघांनी आपापला नफा दाखवायचा. विक्रीआधीच कोणी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून आपला वाटा सोडला असेल, तर हिशेब त्याप्रमाणे बदलतो. पण विक्रीनंतर सगळी रक्कम आईच्या खात्यात ठेवली म्हणून मुलांचा कर आईवर जात नाही.

आम्ही तर काहीच पैसे दिले नाहीत. मग खरेदी किंमत शून्य धरायची?

नाही. वारसाला मूळ मालकाची खरेदी किंमत मिळते. शिवाय मालमत्ता १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल, तर मूळ किमतीऐवजी त्या तारखेचे बाजारमूल्य धरता येते. मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे रेडी रेकनरच्या हिशेबापेक्षा, जास्त धरता येत नाही. आपल्या उदाहरणात हे मूल्य १५ लाख आहे असे धरू. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल करून ठेवावा. पुढे विचारणा झाली तर तोच उपयोगी पडतो.

वडिलांनी घर बाळगलेला काळही तुमच्या काळात मिळवला जातो. एकूण काळ २४ महिन्यांपेक्षा जास्त असल्याने हा दीर्घकालीन नफा ठरतो.

दर १२.५ टक्के की २० टक्के?

२३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के दर आला आणि इंडेक्सेशन, म्हणजे महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून घेण्याची सोय, गेली. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनी व इमारतींसाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना मुभा आहे: दोन्ही पद्धतींनी कर काढा, कमी येईल तेवढाच भरा.

आपला हिशेब असा:

- नवी पद्धत: ९० वजा १५ म्हणजे ७५ लाख नफा. १२.५ टक्क्यांनी कर ९ लाख ३७ हजार ५००. प्रत्येकी ३ लाख १२ हजार ५००.
- जुनी पद्धत: २००१-०२ चा निर्देशांक १००, २०२५-२६ चा ३७६. १५ लाखांचे ५६ लाख ४० हजार झाले. नफा ३३ लाख ६० हजार, २० टक्क्यांनी कर ६ लाख ७२ हजार. प्रत्येकी २ लाख २४ हजार.

(उपकर, अधिभार वेगळे.)

जुनी पद्धत नेहमीच फायद्याची असते असे नाही. विक्री किंमत २००१ च्या मूल्याच्या साधारण ८.३६ पटींहून जास्त असेल, तर १२.५ टक्क्यांचाच कर कमी पडतो.

मुलगा अमेरिकेत असेल तर?

इथेच अनेक कुटुंबांचा हिशेब चुकतो. ही मुभा निवासी व्यक्तींनाच आहे. त्यामुळे अनिवासी मुलाला तेवढ्याच वाट्यावर ३ लाख १२ हजार ५०० कर पडेल आणि आई व बहिणीला २ लाख २४ हजार.

टीडीएसही वेगळा. सगळ्यांचा मिळून व्यवहार ५० लाख किंवा अधिक असेल, तर खरेदीदार निवासी विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कापतो. इथे आई आणि मुलीचे प्रत्येकी ३० हजार. अनिवासी मुलाच्या बाबतीत १ टक्का चालत नाही. त्याने कमी कपातीचे प्रमाणपत्र आणले नाही, तर खरेदीदार बहुधा पूर्ण ३० लाखांवर १२.५ टक्के आणि वर उपकर कापतो. जास्तीची रक्कम परत मिळते, पण विवरणपत्र भरल्यावर. म्हणून हा अर्ज विक्रीच्या बऱ्याच आधी करावा.

कर वाचवता येतो का?

घर विकून भारतात दुसरे घर घेतल्यास कलम ५४ ची सवलत आहे: विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत खरेदी, अथवा तीन वर्षांत बांधकाम. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नाहीत, तर ते बँकेतील कॅपिटल गेन खात्यात ठेवावे लागतात. साधी मुदत ठेव चालत नाही. दुसरा मार्ग कलम ५४ईसीच्या रोख्यांचा: विक्रीपासून सहा महिन्यांत, प्रत्येकाला ५० लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी. प्रत्येक वारस आपापल्या वाट्यापुरता वेगळा निर्णय घेऊ शकतो.

ही कलमे १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा लागू असल्याने त्यानंतरच्या विक्रीसाठी कलमांचे क्रमांक बदललेले दिसतील.

आधी काय करावे?

विसार घेण्यापूर्वी चार कागद जमवा: मूळ खरेदीखत, मृत्यू दाखला, वारसांचा पुरावा आणि २००१ चा मूल्यांकन अहवाल. तिघांचे निवासी किंवा अनिवासी स्थान त्याच वेळी सीएकडून तपासून घ्या. दस्त नोंदला की व्यवहाराची माहिती आयकर खात्याकडे आपोआप पोहोचते. आपला हिशेब त्याआधी तयार असलेला बरा.