बुरशी नव्हे, शेवाळाचा भाऊबंद

ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरातली मराठी कुटुंबं सुट्टीत हुनुआच्या किंवा वायटाकेरेच्या रानात फिरायला गेली, की पायवाटेच्या तोंडाशी बूट ब्रशने घासावे लागतात, वर जंतुनाशक मारावं लागतं. हा बंदोबस्त कौरी वृक्षांसाठी. तळव्याला चिकटलेल्या चिमूटभर मातीतूनही त्यांचा जीवघेणा रोग पसरतो. आधी मुळं कुजतात, मग बुंध्यातून डिंक ओघळतो, शेंडा विरळ होतो. डिसेंबर 2017 मध्ये ते कावेराऊ आ माकी या माओरी समाजाने वायटाकेरेच्या रानावर 'राहुई' म्हणजे प्रवेशबंदीच जाहीर केली.

मारेकऱ्याला 2015 मध्ये नाव मिळालं : फायटॉप्थोरा अ‍ॅगाथिडिसिडा. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसतात, म्हणून कुणीही बुरशीच म्हणेल. पण बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज. शिवाय याचे बीजाणू दोन शेपट्या हलवत ओल्या मातीतल्या पाण्यातून पोहत मुळाशी जातात. याचं गणगोत डायटम हे सूक्ष्म शेवाळ आणि समुद्रातलं तपकिरी शेवाळ!

मग अशांना बसवायचं कुठे? 1866 मध्ये जीवशास्त्रज्ञ हेकेलने ना वनस्पती ना प्राणी अशा जिवांसाठी 'प्रोटिस्टा' हे राज्य मांडलं. पुढे ती अडगळीची खोलीच झाली. जे कुठे बसेना, ते तिथे. जनुकं वाचता आल्यावर नाती उलगडली. अमीबा डायटमपेक्षा आपल्याला जवळचा निघाला. मलेरियाचा प्लाझ्मोडियम आणि कौरीचा हा वैरी एकाच महागटात गेले. 'प्रोटिस्ट' आज सोयीपुरतं नाव उरलंय, घराणं नव्हे.

हा वर्गीकरणाचा वाद प्रयोगशाळेपुरता नाही. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे. बागेतल्या डाउनी, म्हणजे केवडा, या रोगाचा जीव याच फायटॉप्थोराच्या कुळातला. भुरी हा दुसरा रोग मात्र खऱ्या बुरशीचा. हेक्झाकोनॅझोल हे औषध भुरीला आवरतं, कारण ते बुरशीत एर्गोस्टेरॉल हे द्रव्य बनणं रोखतं. केवड्याचा जीव ते बनवतच नाही, मग औषध रोखणार काय? उलट मेटॅलॅक्झिल केवड्यावर चालतं, भुरीवर नाही. न्यूझीलंडमध्ये कौरीच्या खोडात फॉस्फाईट टोचतात. केवड्यावर आपण फवारतो ते फॉसेटिल त्याच घराण्यातलं.

तेव्हा कृषी सेवा केंद्रात जाऊन नुसतं 'बुरशीनाशक द्या' म्हणू नका. आधी पान उलटून बघा : वर तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी कापसासारखी वाढ असेल, तर औषध केवड्याचंच मागा.