फुंकर मेणबत्ती विझवते, मग निखारा का फुलवते?

वाढदिवसाच्या मेणबत्तीवर फुंकर मारली की ज्योत विझते. चुलीतल्या निखाऱ्यावर तशीच फुंकर मारा, तो विझायच्या ऐवजी लालभडक फुलतो! फुंकर तीच, मग असं उलटं का होतं?

मेणबत्तीत खरं जळतं ते घट्ट मेण नाही, मेणाची वाफ. ही वाफ वातीभोवती तरंगत असते. फुंकर तिला वातीपासून उडवून लावते, थंडही करते. जळायलाच काही उरलं नाही, की ज्योत गेली. निखाऱ्याचं तसं नाही. तिथे कोळसा स्वतःच जळतो. तो घट्ट असल्यामुळे फुंकरीने उडून जात नाही, उलट त्याला जास्त ऑक्सिजन मिळतो आणि तो तापतो. म्हणून तर चुलीजवळ फुंकणी ठेवलेली असते.

आगीला तीन गोष्टी लागतात: जळण, हवा आणि उष्णता. यातली एक जरी काढून घेतली तरी आग विझते. शाळेच्या पुस्तकात हे चित्र काढून दाखवलेलं असतं. पण आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वारली, कोकणा, कातकरी लोकांनी हे शास्त्र रानात राहून कधीच हातात बसवलं होतं.

कातकऱ्यांचंच बघा. पूर्वी पावसाळा सरला की ते बायकामुलांसह खैराच्या रानात मुक्काम टाकत. झोपड्या बांधायच्या, खैर तोडायचा, त्याच्या लालसर गाभ्याचे ढलपे काढायचे आणि मातीच्या मडक्यांत पाणी घालून ते उकळत ठेवायचे. पाणी आटून दाट झालं की त्याचा व्हायचा कात, विड्याच्या पानाला लावतात तो! हे काम तासन्‌तास चालायचं. जाळ फार मोठा झाला तर रस करपणार, मंदावला तर उकळी मोडणार. म्हणजे आग पेटवणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच तिला बेतात ठेवणंही.

आता विचार करा, काडेपेटी नसताना रानात आग पेटवायची कशी? त्यासाठी होती चकमक. पोलादाचा एक छोटा तुकडा, एक गारगोटी आणि थोडा कापूस, एवढंच सामान. कापूस बहुतेकदा सावरीचा. काटेसावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटतात आणि आतला रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडू लागतो. त्याचा प्रत्येक तंतू आतून पोकळ असतो, त्यात हवा भरलेली असते. जळण आणि हवा एकाच जागी! कोरा कापूस मात्र भसकन पेटून संपून जातो. तोच आधी अर्धवट जाळून काळा करून ठेवला, तर बारीकशी ठिणगीही धरून ठेवतो.

चिमटीत गारगोटी धरायची. तिच्या कडेला अंगठ्याने तो काळा कापूस दाबायचा. दुसऱ्या हातातलं पोलाद वरून खाली, कडेला घासत, झटक्यात मारायचं. ठिणग्या उडतात. त्या दगडाच्या नसतात बरं का! गारगोटी पोलादापेक्षा कठीण. तिची धारदार कड पोलादाचे अगदी बारीक कण खरवडून काढते. घासण्याच्या उष्णतेने ते कण इतके तापतात की हवेत येताच पेटतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे जळणारं लोखंड!

ठिणगी कापसावर पडली की ज्योत दिसत नाही. नुसता एक लाल ठिपका हळूहळू पसरत जातो. तो कापूस वाळक्या गवताच्या चुंबळीत ठेवायचा आणि हलकेच फुंकर घालायची. आधी पांढरा धूर, मग दाट पिवळसर धूर आणि एकदम भप्पकन जाळ! त्यावर आधी काडीएवढ्या काटक्या, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढं लाकूड. एकदम ओंडका टाकला तर तोच सगळी उष्णता शोषून घेतो आणि आग दमते.

पण आपल्याकडच्या धो धो पावसात रोज कुठे चकमक झाडत बसणार? म्हणून रात्री निखारे राखेत पुरून ठेवत. राखेतून हवा अगदी थोडी आत जाते, आणि राख उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. निखारा रात्रभर सावकाश जळत राहतो. सकाळी राख बाजूला सारा, फुंकर घाला, चूल तयार. कुणाच्या घरचा विझलाच, तर शेजारून विस्तव मागून आणायचा.

रानातल्या शेकोटीचीही युक्ती होती. लांब ओंडक्यांची फक्त टोकं आगीत ठेवायची. जळत जातील तसे ओंडके पुढे सरकवायचे. कुऱ्हाड कमी चालवावी लागते आणि झोपताना ओंडके मागे ओढले की आग आवरते. निघताना मात्र पाणी ओतून, राख ढवळून, पुन्हा पाणी. एक निखारा राहिला तरी उन्हाळ्यात वणवा लागतो.

पुढे काडेपेटी आली. १९२३ साली स्थापन झालेल्या विमको कंपनीचा काडेपेट्यांचा मोठा कारखाना अंबरनाथला होता. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस. काम मात्र जुनंच, घासून उष्णता मिळवायची.

आणि आता खरी गंमत. बोईसर स्टेशनवरून समुद्राकडे गेलं की तारापूरचं अणुवीज केंद्र लागतं. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. तिथेही पाणीच उकळतात आणि त्या वाफेने टर्बाइन फिरवून वीज करतात. पण तिथे जाळ नाही, धूर नाही, ऑक्सिजनही लागत नाही! युरेनियमच्या अणूचं केंद्रक न्यूट्रॉन आदळून फुटतं. त्याचे तुकडे सुसाट सुटतात, आजूबाजूच्या अणूंवर आपटतात आणि इंधन तापतं. ही उष्णता बेतात ठेवायला न्यूट्रॉन गिळणाऱ्या नियंत्रक दांड्या असतात. वापरून झालेलं इंधनही किरणोत्सारी असतं, म्हणून ते पाण्याच्या खोल हौदात सांभाळून ठेवावं लागतं. उष्णता कुठलीही असो, ती मिळवणाऱ्याला ती आवरताही आली पाहिजे. कातकऱ्याच्या चुलीला आणि तारापूरच्या अणुभट्टीला हा नियम सारखाच लागू.

करून बघा: आग पेटवण्याचे प्रयोग मोठ्यांशिवाय करायचे नाहीत. पण हा प्रयोग बिनआगीचा आहे. दोन पांढऱ्या गारगोट्या मिळवा. अगदी अंधाऱ्या खोलीत, डोळे काळोखाला सरावले की त्या एकमेकींवर जोराने घासा. पिवळसर उजेड चमकेल, जळकट वासही येईल. पण त्या उजेडाने कापूस पेटत नाही. आता त्याच गारगोट्या पाण्याच्या भांड्यात बुडवून घासा. तरीही उजेड दिसतो! पाण्याखाली जळतंय तरी काय? आगीच्या तीन गोष्टी आठवा, वर्गात वाद घाला आणि तुमचं उत्तर आम्हाला लिहून पाठवा.